जॉब कार्डावर तुमचे शब्द येऊ द्या

गाडी अडीच वर्षांची, चालता चालता स्टीअरिंग एकदम जड होतं, पिवळा दिवा लागतो, चावी बंद-चालू केली की सगळं ठीक. आणि सर्व्हिस सेंटर तीनदा 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणून परत पाठवतं. तुमचं हे वाचलं आणि मला कुंभार्ली घाट आठवला.

भर पावसात चिपळूणकडे उतरत होतो. एका वळणावर चाक असं अडलं की जात्याचा खुंटा ओढावा तसं दोन्ही हातांनी ओढलं. समोरून एसटी. ड्रायव्हरने घातलेल्या शिव्या मी मुकाट्याने घेतल्या.

त्यानंतर सर्व्हिस सेंटरच्या चार खेपा झाल्या. दर वेळी जॉब कार्डावर, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहून घेतात त्या कागदावर, 'स्टीअरिंग चेक करणे' आणि गाडी परत घेताना 'चेक केले, ओके'. हे 'ओके'च घात करतं, कारण कागदावर तुमची तक्रार मिटलेली दिसते आणि खाली सही तुमची असते. पाचव्या खेपेला मी काउंटरवरून हललोच नाही. किती वेगाला, वळणावर की सरळ रस्त्यावर, पाऊस होता का, तारीख, किलोमीटर, सगळं लिहायला लावलं. "सिस्टीममध्ये एवढं टाइप होत नाही सर." मग पेनाने लिहा म्हटलं. शिवाय दोन अटी घातल्या: स्कॅनर लावायच्या आधी बॅटरी सोडवायची नाही, आणि एरर कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने केलेली बिघाडाची नोंद, पुसायच्या आधी त्याची प्रिंट मला द्यायची. दिवा विझला तरी कोड बहुतेक वेळा मेमरीत राहतो. पुसला की तुमचा पुरावाच गेला.

निघालं काय, तर बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थिंगचा बोल्ट गंजून हिरवा पडलेला. स्टीअरिंगची मोटर वळणावर भसकन करंट ओढते, व्होल्टेज पडतं आणि स्टीअरिंगचं कंट्रोल मॉड्यूल मोटरची मदत बंद करतं. अर्ध्या तासाचं काम, लागले पाच महिने. तुमच्याकडे हेच असेल असं नाही, पण बघायला सांगा.

चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळे कंपनीने त्या गाड्या परत बोलावल्यात का, तेही पाहा. १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू आहेत आणि सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर करता येते. त्याने तुमची गाडी उद्या दुरुस्त होणार नाही. एकाच मॉडेलच्या तक्रारी ठरावीक प्रमाणात साठल्या तरच चक्र हलतं, त्यात तुमची एक पडते इतकंच.

कंपनीला ईमेल कराच, फोनवर भांडून काही हाती लागत नाही. मग १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तिथे डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, दोन वर्षांची मुदत चुकवू नका. दोष सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो, नुसत्या 'मला असं झालं'वर केस लंगडी पडते. म्हणून ती प्रिंट, आणि म्हणून डॅशबोर्डचा व्हिडिओ, तोही शेजारी बसलेल्याने काढलेला.

एक विचारायचं राहिलं. चावी बंद-चालू तुम्ही गाडी पूर्ण थांबवूनच करता ना? चालत्या गाडीत करत असाल तर आजपासून बंद करा. ब्रेकची मदत जाते, स्टीअरिंग लॉकही होऊ शकतं. जड झालं तरी चाक फिरतं, जोर लावा आणि कडेला घ्या.