रूटिंग हार्मोन लावल्याने रोपाचे जीन्स बदलतात का?

तुम्ही विचारलंय की फळझाडाच्या कलमाला आयबीए हे मुळं फोडणारं हार्मोन लावलं तर मुळं फुटताना आतल्या जीन्सवर काय परिणाम होतो, त्याने जात बिघडते का, आणि किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) वापरावं. जीन्स बदलत नाहीत आणि जात अजिबात बिघडत नाही. एवढं लिहून थांबले असते, पण "हार्मोनने जात बिघडली" हे वाक्य मी माझ्याच घरात ऐकलंय आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही.

मी बॉटनीत एमएस्सी केलं आणि लग्न होऊन सांगोल्याकडच्या एका डाळिंब नर्सरीवाल्या घरात आले. आमचे मामा, म्हणजे सासरे, तेव्हाच चाळीस वर्षं गुटी बांधत होते, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून रोप करत होते. पेन्सिलीएवढी जाड फांदी बघायची, इंचभर सालीचं वलय काढायचं, त्यावर ओलं शेवाळ, वरून प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. त्यांचा हात सुंदरच आहे, पण शंभरातल्या पन्नास-पंचावन्न गुट्याच लागायच्या. २०१४ च्या पावसाळ्यात मी वलयाच्या वरच्या काठाला आयबीएची पेस्ट लावायला लागले आणि ऐंशीच्या वर लागल्या. प्लास्टिकमधून आत पांढऱ्या शेवयांसारखी मुळं दिसायची, मी रोज सकाळी चहाच्या आधी बघून यायचे.

मग २०१७ ला एक गिऱ्हाईक पिशवीत फळं घेऊन आले. भगवा ह्या लाल दाण्याच्या डाळिंबाची साठ रोपं नेली होती, त्यातल्या अकरा झाडांचे दाणे फिके गुलाबी. अंगणात दहा माणसं बसलेली, आणि मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, तुझ्या औषधानं जात बिघडली, पुस्तकातलं पुस्तकात ठेव." पेस्टची बाटली उकिरड्यावर गेली. मला त्या दिवशी एक शब्द बोलता आला नाही, कारण माझ्या हातात पुरावा नव्हता.

पुरावा वहीत निघाला. कुठल्या ओळीतली गुटी कुठल्या पावतीवर गेली ते मी लिहून ठेवायचे. ती अकरा रोपं सातव्या ओळीतली. त्या ओळीत मर रोगाने झाडं गेली होती आणि नांग्या भरताना कुणीतरी शेजारून आणलेली रोपं लावली होती, ती निघाली गणेश, म्हणजे फिक्या दाण्याची दुसरी जात. त्यांचा अजून बहार धरला नव्हता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि फांद्या जाड झाल्या तशा आम्ही त्यांच्याही गुट्या बांधल्या. गणेशच्या फांदीला गणेशच येणार, पेस्ट लावा नाहीतर गंगेचं पाणी लावा.

आता आत काय होतं ते सांगते, कारण तेच मला त्या दिवशी अंगणात सांगायचं होतं. डीएनए म्हणजे सातबारा समजा. हार्मोन सातबाऱ्यावरची नोंद बदलत नाही, यंदा कुठलं रान पेरायचं आणि कुठलं पडीक ठेवायचं एवढंच ठरवतं. मूळ तयार करायचे जीन्स फांदीतल्या पेशीतही असतातच, फक्त बंद असतात, कारण त्यांच्यावर ऑक्स-आयएए नावाची प्रोटीन्स राखणीला बसलेली असतात. ह्यांच्यासोबत टॉपलेस नावाचं आणखी एक प्रोटीन असतं, ते डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रोटीन्सभोवती गुंडाळलेला असतो तो भाग घट्ट आवळून ठेवायला लावतं, म्हणजे जीन वाचताच येत नाही. ऑक्सिन (आयबीए ज्या गटातलं आहे ते हार्मोन) आलं की ते टीआयआर-१ नावाच्या रिसेप्टरच्या, म्हणजे हार्मोन ओळखणाऱ्या प्रोटीनच्या, खाचेत बसतं आणि डिंकासारखं काम करतं, राखणदाराला रिसेप्टरला चिकटवून देतं. मग राखणदारावर नष्ट करायची खूण लागते आणि पेशी त्याचे तुकडे करते, काही मिनिटांचंच काम. टीआयआर-१ हाच रिसेप्टर आहे हे २००५ मध्ये अमेरिका आणि इंग्लंडमधल्या दोन गटांनी वेगवेगळं काम करून एकाच वेळी दाखवलं. राखण उठली की एआरएफ नावाची प्रोटीन्स मोकळी होतात आणि मुळाचे जीन्स चालू करतात. अरॅबिडॉप्सिस ह्या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात बाजूच्या मुळांसाठी एलबीडी-१६ सारखे जीन्स लागतात, आणि तोडलेल्या पानातून नवं मूळ फुटायला डब्ल्यूओएक्स-११.

आणि हे सगळं तात्पुरतं असतं. एआरएफ जे जीन्स चालू करतात त्यात राखणदार बनवणारे जीन्ससुद्धा येतात, त्यामुळे ऑक्सिन ओसरलं की राखण परत बसते. दोन वर्षांनी येणाऱ्या दाण्याच्या रंगापर्यंत त्यातलं काय पोचणार?

मामांना मला अजून एक गोष्ट दाखवायची होती आणि ती मी नंतर दाखवलीही. त्यांची बिनऔषधाची गुटी सोडून बघा, गाठ नेहमी वलयाच्या वरच्या काठालाच येते, साबुदाण्यासारखे पांढरे ठिपके आधी तिथेच दिसतात, खालचा काठ कोरडा. कारण झाड स्वतःचं ऑक्सिन शेंड्याकडे बनवतं आणि ते खाली उतरतं, साल काढली की वाट तुटते आणि ते वरच्या काठाला साचतं, पानात तयार झालेली साखरही तिथेच अडते. म्हणजे चाळीस वर्षं मामांनी बांधलेली प्रत्येक गुटी हार्मोनवरच लागली, मी फक्त वरून थोडं जास्त दिलं. आपण लावतो त्या आयबीएचं आयएए, म्हणजे झाडाचं नेहमीचं ऑक्सिन, पेशी स्वतःच करून घेते.

२०१८ ला मी भगवाची दहा खात्रीची झाडं निवडली, प्रत्येकावर शेजारशेजारच्या दोन फांद्या, एकीला पेस्ट, एकीला नाही. रोपं बांधाला जोडीने लावली. २०२१ मध्ये फळं मामांसमोर कापली, कुठलं कशाचं ते ओळखून दाखवा म्हटलं. त्यांना आलं नाही, कुणालाच आलं नसतं. ते दाणे खात बसले, बोलले काही नाहीत. पण पाहुणे आले की अजून "आमची सून औषधं लावते" असं सुरू होतं, म्हणून हे इथे लिहून ठेवतेय.

अजून एक, हे सगळं गुटी आणि फाटे कलमाबद्दल (तोडलेली फांदी मातीत लावून केलेलं रोप) आहे. टिश्यू कल्चरची गोष्ट वेगळी. तिथे कॅलस, म्हणजे पेशींचा बेढब गोळा, महिनोन् महिने जास्त हार्मोनमध्ये वाढवला तर खरंच फरक पडू शकतो, क्रोमोसोमची संख्या बदलते किंवा डीएनएवरच्या मिथाइल खुणा, ज्या जीन बंद ठेवायला मदत करतात, त्या पुसल्या जातात. टिश्यू कल्चरच्या ऑइल पाममध्ये फळं विकृत येतात त्यामागे अशी पुसलेली खूण आहे हे २०१५ मध्ये सिद्ध झालं. केळीतही बुटकी, वेगळी रोपं निघतात म्हणून चांगल्या लॅब ठराविक वेळाच कल्चर पुढे नेतात. आणि मुळांसाठी झाडाच्या डीएनएत खरोखर नवीन जीन घुसवणारा एक जिवाणू आहे, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजिनस, पण तो पावडरच्या डबीत नसतो.

पीपीएमचं म्हणाल तर झाड कुठलं आणि फांदी कोवळी की पक्व हे तुम्ही लिहिलंच नाहीये. डाळिंबाच्या फाट्याला आम्ही २००० च्या आसपास ठेवतो. आयबीए नुसत्या पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा. जास्त लावलं तर लवकर मुळं येतील असं समजू नका, साल काळी पडून फाटा खालून कुजतो. आणि डबी उघडायच्या आधी मातृवृक्षाला फळ धरून त्याचा दाणा बघितलाय का तेवढं आठवा.