एका दिवसात इंदूरचा बाजार

प्रश्न : डिसेंबरमध्ये पुण्याहून माझ्या आत्या दोन नातवंडांसह आमच्याकडे येत आहेत. त्यांच्यासोबत फिरायला एकच दिवस मोकळा मिळेल. राजवाडा, माहेश्वरी साडी आणि सराफ्यातले खाणे, हे सारे आत्यांची दमछाक न होता जमेल का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : जमेल, मात्र सकाळी घाई करू नये. दुपारी चारच्या सुमारास निघून आधी राजवाडा पाहावा. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी असल्याने ही वास्तू वेळोवेळी आगीला बळी पडली. १९८४ च्या दंगलीतील आगीनंतर तिची पुन्हा उभारणी झाली, हे मुलांना समोर उभे राहून सांगावे.

साडी उजेड असतानाच घ्यावी, कारण दुकानातील दिव्यांखाली रंग फसवतात. माहेश्वरीचे काठ दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, म्हणून ती उलगडून उलटी बाजू पाहण्याचा आग्रह धरावा, हातमागाचे चिन्ह मागावे आणि दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी संकोच करू नये. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून सर्रास गळ्यात मारला जातो. मुलांसाठी इंदूरची चामड्याची खेळणी आहेत. भौगोलिक मानांकन मिळालेले हे हत्ती-घोडे खेळण्यापेक्षा कपाटात मांडण्याच्याच लायकीचे आहेत, हे आधीच बजावलेले बरे.

सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो आणि दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. गर्दी उशिरा वाढत जाते, म्हणून शनिवार-रविवार टाळून नऊच्या सुमारास पोहोचावे. एका ठिकाणी पोट भरू नये. एकेक पदार्थ मागवून चौघांनी वाटून खावा. किसलेला मका दुधात शिजवून केलेला भुट्टे का कीस आत्यांना सोसेल. गराडू मात्र हिवाळ्यातच मिळतो आणि नेमका डिसेंबर आहे : कंदाचे तुकडे कढईत कडक तळून, वर जिरावण हा मसाला भुरभुरून आणि लिंबू पिळून कागदावर देतात, ते गरम असतानाच संपवावेत. तळहाताहून मोठा जलेबा सर्वांत शेवटी घ्यावा. गल्लीत बसायला जागा क्वचितच मिळते, त्यामुळे आत्यांसाठी घडीची छोटी खुर्ची सोबत असू द्यावी आणि गाडी राजवाड्यापासून दूरच उभी करून शेवटचा टप्पा रिक्षाने गाठावा.