मोटर सगळ्यात शेवटी बदला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : तुम्ही नाशिकला राहता, फोमचं, रिमोटवर उडणारं, तीन चॅनेलचं (म्हणजे रिमोटवरून तीन गोष्टी हलवता येणारं) इलेक्ट्रिक विमान घेतलंय, मोटर ब्रशची आहे आणि बॅटरी आठ सेलची, ९.६ व्होल्टची निकेलवाली. विमान सुस्त वाटतं. त्यात ब्रशलेस (ब्रश नसलेली) मोटर आणि लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) बसवावी का? आणि शिकवणारं कुणी नसताना आपलं आपण शिकता येईल का?

शिकता येईल, नक्की. मोटरला मात्र एवढ्यात हात लावू नका. नवशिक्याचं विमान सुस्त वाटतं तेव्हा बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. बॅटरी चुकीच्या जागी बसलेली असते, पंखाला पीळ पडलेला असतो किंवा विमान वाऱ्याकडे पाठ करून सोडलेलं असतं. मोठी मोटर हे सगळं झाकून टाकते. मग तेच विमान तेवढ्याच दोषांसकट दुप्पट वेगाने जमिनीवर येतं.

आधी तोल बघा. पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी मोजा. पुढच्या कडेपासून त्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर विमान तोललं गेलं पाहिजे. रुंदी २० सेंटिमीटर असेल तर ती जागा ५ ते साडेसहा सेंटिमीटरवर येते. बॅटरी बसवून, पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट लावून उचला. विमान सपाट राहिलं किंवा नाक किंचित खाली गेलं तर ठीक. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, आणि तोल जमेपर्यंत उडवू नका. शेपूट जड असलेलं विमान म्हणजे कॅरिअरवर गॅसची टाकी बांधलेली सायकल. हँडल जरा हललं की पुढचं चाक उचललं जातं. नाक थोडं जड असेल तर विमान जरा आळशी उडेल, पण तुमचं ऐकेल.

मग विमानाच्या मागे उभं राहून पंखाची मागची कड बघा. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या पाहिजेत. आपल्याकडे उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेला फोम हमखास वाकतो. हेअर ड्रायरच्या बेताच्या गरम झोताने शेकून, उलट्या बाजूला हलका पीळ देऊन थंड होईपर्यंत धरला की सरळ होतो. तसंच मागे उभं राहून रिमोटची काडी उजवीकडे न्या. रडर (शेपटीचा उभा हलता भाग) उजवीकडे वळला पाहिजे. काडी स्वतःकडे ओढा. एलिव्हेटर (शेपटीचा आडवा हलता भाग) वर उचलला गेला पाहिजे. हे दर उड्डाणाआधी करायचं, घाई असेल तेव्हा तर नक्कीच. सुरू करताना आधी रिमोट, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलट.

खर्च करायची इच्छा असेल तर पहिले पैसे चांगल्या रिमोटवर घाला. फ्लायस्कायचा एफएस-आय६ किंवा तसाच कुठलाही सहा चॅनेलचा, २.४ गिगाहर्ट्झचा घ्या. यामागे एक व्यावहारिक कारण आहे. सुरुवातीच्या बऱ्याच विमानांत रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग) आणि स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग ठरवणारा भाग, म्हणजेच ईएससी) एकाच पट्टीवर जोडलेले येतात. त्यामुळे 'फक्त मोटर बदलतो' म्हणून सुरू केलेलं काम ईएससी, रिसीव्हर, रिमोट असं सगळंच बदलण्यापर्यंत जातं. रिमोट पुढच्या दोन-तीन विमानांनाही चालतो. शिवाय तो केबलने संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव करता येतो. फोनवर पिकासिम फुकट आहे, सुरुवातीला तेही पुरे. सिम्युलेटरवर एकच गोष्ट घोटून घ्या : विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटतं. मला उपयोगी पडलेली खूण अशी, की समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला काडी न्यायची, म्हणजे तो पंख वर येतो. हात हे आपोआप करायला लागले की मगच वावरात जा.

जागेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नाशिकमध्ये निम्मा प्रश्न तिथेच आहे. दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव या पट्ट्यात द्राक्षबागा आहेत. मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल लांबून दिसत नाहीत, आणि विमान आत पडलं तर काढायला जाणाऱ्याच्या पायाखाली कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाचे घड असतात. तिकडे नकोच. त्र्यंबकच्या बाजूला भातं निघाली की, म्हणजे दिवाळीनंतर, खाचरं मोकळी होतात. धसकटांवर विमान पोटावर उतरतं आणि फार लागत नाही, फक्त बांध सांभाळायचे. मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. "दादा, तुमच्या वावरात थोडा वेळ विमान उडवू का?" एवढं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात, आणि त्यांची पोरं आधी बांधावर येऊन बसतात. त्यांना तुमच्या मागे उभं करा, पुढे नाही.

गंगापूर धरणाचं पाणी बघून मोह होतो, पण पहिलं वर्ष पाण्यापासून लांब राहा. संक्रांतीच्या आसपास शहराजवळ उडवूच नका, आणि पतंगांसाठी प्रसिद्ध येवल्याकडे तर अजिबात नको. बंदी असूनही नायलॉनचा मांजा झाडांवर आणि शेतांत पडलेला असतो. तो मोटरच्या दांड्याला गुंडाळला की प्रॉप (मोटरवरचं फिरतं पातं) जागच्या जागी थांबतो.

सरकारी बाजू दोन मिनिटांत सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो असे गट आहेत. या दोन्हींत हौसेखातर उडवायला रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. पण जागेचे निर्बंध सगळ्यांना आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट होते. आपल्या शहराभोवती ओझरचा विमानतळ, गांधीनगरचा लष्करी विमानतळ, देवळालीचा तोफखाना, नोटांचा छापखाना असं बरंच काही आहे. त्यामुळे नकाशा बघूनच जागा ठरवा. पोलिसांचे मनाई आदेशही निघतात, तेही बघा. ज्या ओझरला मिग जुळले आणि पुढे सुखोई बनले, त्याच्या सावलीत आपण हा छंद करतोय याचा मला अभिमान वाटतो. म्हणूनच तिथल्या आकाशाची शिस्त आपणही पाळावी असं मनापासून वाटतं.

वेळ म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ. धुकं उठलं की साधारण नऊ-साडेनऊपर्यंत हवा शांत असते. मार्च-एप्रिलमध्ये दहानंतर जमीन तापते, वावटळी उठतात आणि हलकं विमान हातभर वर, हातभर खाली होत राहतं. त्याला कुठलीही मोटर उत्तर देत नाही. आणखी एक गोष्ट. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, म्हणजे हवा मुळातच थोडी विरळ. त्यात डिसेंबरच्या सकाळच्या मानाने एप्रिलच्या दुपारी ती आणखी नऊ-दहा टक्क्यांनी विरळ होते. पंख आणि प्रॉप दोघांनाही तेवढी कमी हवा मिळते. तुमचं विमान तुम्ही उन्हाळ्यात दुपारी उडवून 'सुस्त' ठरवलं असेल, तर ते एकदा थंडीत सकाळी उडवून बघा.

पहिल्या उड्डाणाला वारा तोंडावर घ्या. थ्रॉटल (मोटरचा वेग) जवळजवळ पूर्ण, विमान सपाट धरून सरळ पुढे सोडायचं, वर फेकायचं नाही. सुरक्षित उंचीवर गेलं की थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि ट्रिमने (रडर-एलिव्हेटर किंचित सरकवून ठेवणाऱ्या रिमोटवरच्या बटणांनी) सरळ उडेल असं करा. विमान कायम वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे तुमच्या पुढ्यात ठेवा. मागे गेलं की वारा ते लांब नेतो आणि परत आणायला बॅटरी पुरत नाही. मोठे गोल, मग आठचा आकडा. वळताना नाक खाली जातं, तेव्हा एलिव्हेटर किंचित ओढायचा. जास्त ओढला तर वेग मरतो आणि पंख हवा सोडतो, म्हणजे त्याची उचल संपते. हे मुद्दाम उंचावर करून बघा : थ्रॉटल बंद करा, काडी हळूहळू ओढत राहा, नाक अचानक पडेल, काडी सोडा, वेग येऊ द्या, सावरा. आपलं विमान किती हळू उडू शकतं हे ज्याच्या हाताला कळलं त्याला उतरवणं जमतं. उतरताना पुन्हा वारा तोंडावर, थ्रॉटल कमी, नाक सपाट, आणि गुडघ्याच्या उंचीवर आल्यावर काडी हलकेच ओढायची. धडकणार असं दिसलं तर सगळ्यात आधी थ्रॉटल शून्यावर.

आता तुम्हाला हव्या असलेल्या भागाकडे येतो.

हे सगळं जमल्यावर पहिला बदल बॅटरीचा करा. आठ सेलचा निकेलचा पॅक साधारण १८० ग्रॅमच्या घरात असतो, तर तीन सेलची १३०० एमएएचची लायपो ११० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे विमान ७० ग्रॅमने हलकं झालं, आणि तेही नाकाकडून. तोल मागे सरकतो. लायपो जमेल तितकी पुढे बसवून तोल पुन्हा बघायचाच. पूर्ण भरलेली तीन सेलची लायपो १२.६ व्होल्ट देते, तुमचा निकेल पॅक ११ च्या आसपास. त्यामुळे जुनी मोटर जास्त प्रवाह ओढेल आणि तिचे ब्रश लवकर झिजतील. पाच मिनिटं उडवून उतरवा, मोटरला हात लावा. हात ठेववत नसेल तर थ्रॉटल बेताने वापरा.

निकेलसाठी बनवलेला कंट्रोलर लायपो उतरली तरी मोटर वेळेवर बंद करत नाही. लायपोचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा खराब होतो. म्हणून बॅलन्सच्या पिनला (प्रत्येक सेलला जोडलेल्या छोट्या पिनला) लावायचा छोटा लायपो अलार्म घ्या, तो सेलमागे ३.५ व्होल्टवर ठेवा, आणि रिमोटवर टायमर लावा. जुना चार्जर लायपोला कधीही लावू नका, आग लागते. सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच घ्या. १३०० एमएएचला १.३ अँपिअर, शहाबादी फरशीवर ठेवून, आणि समोर बसून. आठवडाभर उडवायचं नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका, कितीही महाग असली तरी.

यानंतर ब्रशलेस. ट्रेनरला, म्हणजे शिकायच्या विमानाला, किलोमागे दीडशे ते दोनशे वॅट भरपूर होतात. ८०० ग्रॅमच्या विमानाला १२० ते १६० वॅट, म्हणजे ११ व्होल्टला ११ ते १५ अँपिअर. त्याला बाजारात सहज मिळणारी २२१२ आकाराची १००० केव्हीची (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला १००० फेऱ्यांची) मोटर आणि ३० अँपिअरचा ईएससी पुरतो. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. प्रॉपवर छापलेले आकडे विमानाच्या तोंडाकडे यायला हवेत. प्रॉपचा व्यास एका इंचाने वाढवला तरी प्रवाह बराच चढतो, म्हणून वॅटमीटर लावून, विमान कुणाला तरी मागून घट्ट धरायला सांगून मोजा. रिसीव्हरचं फेलसेफ (रिमोटचा संपर्क तुटला तर काय करायचं ती सेटिंग) थ्रॉटल शून्यावर ठेवा आणि प्रॉप काढून तपासा.

ताकद वाढली की हे विमान थ्रॉटल देताच नाक वर करून चढायला लागेल. एलिव्हेटरच्या ट्रिमने ते दाबू नका, थ्रॉटल कमी केल्यावर तेच ट्रिम नाक खाली पाडेल. मोटरच्या मागे पातळ वॉशर घालून तिला दोन-तीन अंश खाली आणि दोनेक अंश उजवीकडे झुकवा. पंखाच्या खालून कार्बनची नळी बसवा, नाहीतर सूर मारून वर काढताना पंख दुमडतो. चिकटवताना फोम कुठला ते बघा : साध्या पांढऱ्या थर्माकोलला फेविक्विक विरघळवतं, तिथे इपॉक्सी वापरा.

आणि बदलागणिक वजन करत जा. वजन २० टक्के वाढलं तर पंख हवा सोडण्याचा वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तेवढंच जोरात उतरावं लागतं. मोठी बॅटरी टाकून मिनिटं वाढवण्यापेक्षा दोन लहान बॅटऱ्या घेणं मला कायम पटलंय.

पंखाची लांबी-रुंदी, बॅटरीसकट वजन आणि कंट्रोलर वेगळा आहे की रिसीव्हरच्या पट्टीवर, एवढं कळवलंत तर प्रॉपचा आकार आणि लायपो कुठे बसवायची ते मी नेमकं सांगेन.