सबवूफर घ्यायचा की नाही, आणि घेतला तर ठेवायचा कुठे?

सबवूफर म्हणजे फक्त बास, अर्थात अगदी खालचे सूर, वाजवणारा वेगळा स्पीकर. त्याच्याबद्दल बरेच प्रश्न साचले होते, ते या वेळी एकत्र घेतो. ‘कोणता घेऊ’ असं विचारणारे पुष्कळ आहेत. ‘कुठे ठेवू’ असं मात्र कुणीच विचारलेलं नाही, आणि नव्वद टक्के तक्रारी तिथूनच सुरू होतात.

मी ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकतो. पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर आहेत. दुकानदार म्हणतो, सबवूफरशिवाय मजा नाही. खरंच गरज आहे का? (मिरज)

तुमच्या गावच्या तंबोऱ्यावरूनच पाहू. गवयाची पट्टी काळी एक असेल, तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर (सेकंदाला तितकी कंपनं) येतो आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ७० हर्ट्झच्या आसपास. काळी चारला गाणाऱ्या गायिकेचा खर्ज शंभरच्याही वर. चांगला पाच इंची बुकशेल्फ खाली साठच्या जवळपास पोचतो, म्हणजे सूर तुम्हाला मिळतोच आहे. कमी पडत असेल ती डग्ग्याची घुमक, आणि थेट मैफलीच्या मुद्रणात असलेला सभागृहाचा भरीवपणा. सबवूफरने त्यात फरक पडतो, पण ‘मजाच नाही’ हे दुकानदाराचं गणित.

आणखी एक. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेल्या जुन्या मुद्रणांत त्या खालच्या पट्ट्यात संगीत जवळपास नसतंच. असते ती यंत्राची घरघर, आणि सबवूफर तीही इमानेइतबारे मोठी करून ऐकवतो. तुमचा बराचसा संग्रह तसला असेल तर पैसे राखून ठेवा.

माझ्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला सब-आउट नाही, फक्त स्पीकरची टर्मिनल आहेत. सबवूफर जोडताच येणार नाही का? (डोंबिवली)

येईल. ‘हाय-लेव्हल’ किंवा ‘स्पीकर-लेव्हल’ इनपुट असलेला सबवूफर घ्या. ज्या टर्मिनलला स्पीकर जोडलेत, तिथूनच आणखी एक बारीक वायर सबवूफरकडे न्यायची. सबवूफरचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्यामुळे तो तिथून फक्त सिग्नल उचलतो, तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर भार जवळपास शून्य. रेल (REL) ही सबवूफर बनवणारी कंपनी तर वर्षानुवर्षं हीच पद्धत सुचवते. त्यांच्या केबलमध्ये लाल वायर उजव्या प्लसला, पिवळी डाव्या प्लसला आणि काळी मायनसला जाते.

पण अ‍ॅम्प्लिफायर जर हल्ली ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या क्लास-डी डब्यांपैकी असेल, तर थांबा. त्यातल्या बऱ्याच डब्यांच्या मायनस टर्मिनलवरही सिग्नल असतो, ते ग्राउंड नसतं. तिथे काळी वायर लावलीत तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. अशा वेळी ती सहसा अ‍ॅम्प्लिफायरच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला लावतात. आधी दोन्ही मॅन्युअल वाचा, आणि वायरी जोडताना सगळं बंद ठेवा, नुसता आवाज शून्यावर आणून भागत नाही.

हॉल १२ बाय १२ फुटांचा आहे. सबवूफर टीव्हीशेजारी कोपऱ्यात, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. काही सुरांना खिडकीच्या काचा थरथरतात, काही सूर गायबच. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की मात्र उत्तम ऐकू येतं! सबवूफर बदलू का? (कोथरूड, पुणे)

सबवूफर बिचारा निर्दोष आहे, हा खोलीचा प्रताप. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर अंतर असेल, तर ४७ हर्ट्झला त्या भिंतींमध्ये बरोबर अर्धी लहर मावते आणि तो सूर खोलीतच साठत राहतो. तुमचा हॉल चौरस, म्हणजे भिंतींच्या दोन्ही जोड्या एकाच सुरावर घुमतात. हा घुमारा भिंतीजवळ सर्वांत जास्त आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा. तुमचा सोफा भिंतीला चिकटलेला आणि सबवूफर कोपऱ्यात, जिथून खोलीचे सगळेच घुमारे एकदम जागे होतात. काचा थरथरणारच.

उपाय फुकट आहे, फक्त थोडी लाज सोडावी लागते. सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, तुम्ही रोज बसता त्याच जागी. बास गिटार सावकाश खालीवर जाते असं एखादं गाणं पुन्हा पुन्हा लावा. मग गुडघ्यांवर बसून, डोकं जमिनीजवळ ठेवून भिंतींच्या कडेकडेने रांगा. एका ठिकाणी नुसता घुमघुमाट असेल, दोन फूट पुढे बास गायब. जिथे सगळे सूर साधारण सारख्या वजनाने ऐकू येतात, ती सबवूफरची जागा. घरचे हसतील, हसू द्या. सोबत सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणता आला तर निम्मा त्रास तिथेच कमी होईल.

मोजमाप करायचं असेल तर आरईडब्ल्यू हे संगणकावरचं मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसबीचा मेजरमेंट माइक घ्या. फोनच्या माइकवर बासच्या बाबतीत विसंबू नका. आणि इक्वलायझरने (वेगवेगळ्या सुरांची पातळी कमीजास्त करण्याची सोय) फुगवटे कापा, खड्डे भरायला जाऊ नका. १० डेसिबल वाढवायचे तर दहापट पॉवर लागते, आणि खोलीच जो सूर खोडून टाकते, तो त्यानेही परत येत नाही.

क्रॉसओव्हर, फेज, व्हॉल्यूम अशी तीन बटणं आहेत. कुठून सुरुवात करू? (नाशिक)

याच क्रमाने. क्रॉसओव्हर म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरने वाजवायचे ती सीमा. बुकशेल्फ स्पीकर असतील तर ती ६० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान. त्याच्या वर नेलात तर गायकाचा आवाज सबवूफरच्या कोपऱ्यातून येतोय असं वाटू लागतं. साधारण ८० च्या खाली आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही, म्हणून हा आकडा. एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर) असेल तर विभागणी त्यालाच करू द्या आणि सबवूफरचा नॉब शेवटपर्यंत फिरवा किंवा एलएफई इनपुट (सबवूफरचा स्वतःचा फिल्टर वगळणारं) वापरा. दोन फिल्टर एकमेकांवर चढवू नका.

फेज म्हणजे सबवूफर आणि स्पीकर यांच्या लहरींचा मेळ. त्यासाठी दुसरा माणूस लागतो. क्रॉसओव्हरच्याच फ्रीक्वेन्सीचा टोन लावा, तुम्ही जागेवर बसा, त्याला बटण ० आणि १८० मध्ये हलवायला सांगा. ज्या बाजूला बास जास्त भरीव, ती बरोबर.

व्हॉल्यूम सगळ्यात शेवटी: सबवूफर वेगळा ऐकू येईपर्यंत वाढवा, मग तो वेगळा कळेनासा होईपर्यंत कमी करा. पाहुण्यांनी ‘सबवूफर कुठाय?’ विचारलं तर तुमचं सेटिंग जमलं. ‘काय दणदणीत बास आहे!’ म्हणाले तर अजून कमी करा.

सतत ‘हूऽऽ’ असा आवाज येतो, गाणं बंद असतानाही. (छत्रपती संभाजीनगर)

ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहाची गुणगुण. सबवूफरमधली आरसीए केबल (सिग्नल आणणारी) काढून पाहा. आवाज थांबला तर खोट जोडणीत आहे. मग एकेक उपकरण सोडवत जा. सेट-टॉप बॉक्सची जाड केबल हा नेहमीचा गुन्हेगार. सगळं एकाच बोर्डवर घ्या, तरी राहिलं तर आरसीए लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. थ्री-पिनमधली अर्थिंगची पिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी तोडायची नाही.

आवाज मोठा नसतो, मोबाइल अ‍ॅपवर ४५ डेसिबलच दिसतात. तरी खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करतात. (दादर)

काका खरं बोलताहेत. अशी अ‍ॅप बहुधा ‘ए’ भारांकन वापरतात, त्यात ५० हर्ट्झचा आवाज तब्बल ३० डेसिबल कमी धरला जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ ची मर्यादा आहे, तीही याच मापाने. म्हणजे कागदावर तुम्ही नियमात आणि खाली काकांचं भांडं खणखणतंय. सबवूफरखाली रबर किंवा दाट फोमचे पॅड घातले तर स्लॅबमध्ये थेट उतरणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा बास मात्र कुठलाही पडदा अडवत नाही. सबवूफर सोफ्याच्या अगदी मागे आणून पाहा. कानाजवळ आल्यामुळे तो बराच हळू ठेवूनही पुरतो. आणि नऊनंतर बंद ठेवा.

एक बारा इंची घेऊ की दोन आठ इंची? (ठाणे)

दोन आठ इंची कोनांचं क्षेत्रफळ एका बारा इंचीच्या जवळपास येतं, आणि दोन जागी ठेवल्यामुळे खोलीतले खड्डे-उंचवटे बरेच सपाट होतात. समोरासमोरच्या भिंतींच्या बरोबर मध्यावर एकेक, अशी सुरुवात करा. सिनेमाचे स्फोट हवे असतील तर बारा इंची. बजेट आज एकाचंच असेल तर आठ-दहा इंचीपैकी एक आणा, पण दुसरा घेताना मॉडेल तेच बघा.