पहिल्या क्रिटेरियमला उतरताना

क्रिटेरियम म्हणजे छोट्या बंद रस्त्यावर फेऱ्या मारत होणारी सायकल शर्यत. वळणात ब्रेक दाबू नकोस. वेग आधीच कमी कर, गिअरही तिथेच हलका कर. आतलं पेडल वर, बाहेरचं खाली, भार त्याच्यावर. आतलं खाली राहिलं तर रस्त्याला घासतं आणि मागचे तुझ्यावर येतात. घोळक्याच्या पुढच्या एक तृतीयांश भागात राहा. शेपटीला प्रत्येक वळणानंतर स्प्रिंट मारून अंतर भरावं लागतं, नवखे तिथेच मागे पडतात. वजन ७० किलो असेल तर २८ मिमी टायरला ७० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. १०० भरलंस तर सोलापूरच्या धुळीत, बारीक खडीवर चाक सरकेल. आदल्या दिवशी टायरमधले बाभळीचे काटे काढ. वॉर्म-अप २० मिनिटं, कारण सुरुवातच सुसाट असते. शेंगाचटणी-भाकरी मात्र शर्यतीनंतर!