रस्त्यात पुरलेला लूप वाहनं कशी मोजतो आणि वेग कसा काढतो?

तुम्ही विचारलंय की रस्त्यातले सेन्सर वाहनाच्या वजनावरून मोजणी करतात का, वेग कसा काढतात आणि कॅमेरे आल्यावर हे जुनाट लूप हवेत कशाला. यातलं ‘जुनाट’ मला पटत नाही, म्हणून लिहितोय.

लूपला वजन कळत नाही. डांबरात खाच पाडून तारेचे तीन-चार फेरे घातलेले असतात आणि त्यांतून काही दहा किलोहर्ट्झचा प्रवाह खेळत असतो. वर गाडी आली की तिच्या पत्र्यात भोवरा-प्रवाह (गोल फिरणारे विजेचे प्रवाह) तयार होतात, लूपचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) घटतं आणि फ्रिक्वेन्सी किंचित चढते. रस्त्याकडेच्या पेटीतला डिटेक्टर हा बदल पकडतो. बदल आला आणि गेला की एक वाहन.

वेगासाठी एकाच लेनमध्ये मागेपुढे दोन लूप लागतात. पहिल्याच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्याच्या पुढच्या कडेपर्यंत 4 मीटर अंतर धरा. मधे 0.2 सेकंद गेले तर वेग सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किमी. यंत्राने वेळ 0.01 सेकंदाने चुकवली तरी उत्तर 69 ते 76 मध्ये कुठेही पडतं, म्हणून दोन्ही लूपची संवेदनशीलता अगदी सारखी ठेवावी लागते. लांबीही यातूनच निघते. गाडी लूपवर 0.3 सेकंद राहिली तर 6 मीटर, त्यातून लूपची 2 मीटर लांबी वजा केली की गाडी 4 मीटरची. एकाच लूपवरून वेग सांगणारे लोक गाडीची सरासरी लांबी गृहीत धरतात. ते मोजमाप नव्हे, अंदाज आहे.

आता ‘लूप खोटे आकडे देतात’ या तक्रारीबद्दल. दोष बहुतेक वेळा खाचेत आणि जोडात असतो. चौकोनाचे कोपरे तिरके कापले नाहीत तर तार काटकोनात वळते, तिथेच तिचं आवरण सोलतं. कडेच्या पेटीपर्यंत जाणाऱ्या तारांना मीटरला 15 च्या आसपास पीळ नसेल, तर शेजारच्या केबलचा गोंगाट त्यात शिरतो. आणि जोड! नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसात पाणी पितो. मग लूप कोरड्या दिवशी नीट चालतो, ओल्या दिवशी ‘गाडी उभी आहे’ असं सांगत अडकून बसतो, आणि सगळे डिटेक्टर बदलत सुटतात. आधी लूप डिटेक्टरपासून सोडवा आणि 500 व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तार व जमीन यांमधला रोध पाहा. नव्या लूपला तो 100 मेगाओहमच्या वर हवा. तो घसरला असेल तर यंत्राला हात लावू नका. जोड उघडा, सोल्डर करा, जलरोधक स्लीव्हमध्ये बंद करा.

शेजारशेजारच्या लेनचे लूप एकाच फ्रिक्वेन्सीवर ठेवले तर एकमेकांत बोलतात आणि रिकाम्या लेनमध्ये भुताची गाडी मोजली जाते. उंच चासीच्या ट्रेलरचा मधला भाग लूपला जेमतेम जाणवतो, सिग्नल मधेच पडतो आणि एक ट्रेलर दोन गाड्या होतो. डिटेक्टरची संवेदनशीलता एक पायरी वाढवली की बहुधा सुटतं.

सरासरीचा घोळ तर सेन्सरचा नाहीच. एक गाडी 60 ने, एक 20 ने गेली की अहवालात 40 लिहितात. त्या पट्ट्यातल्या प्रवासाच्या वेळेसाठी हरात्मक मध्य (एकूण अंतर भागिले एकूण वेळ) काढायला हवा, आणि तो 30 येतो. एवढा फरक हिशेबात करायचा आणि खापर तारेवर फोडायचं, हे मला मान्य नाही.

कॅमेऱ्याला धुकं, सावली आणि मागची गाडी झाकणारा ट्रक नडतो, लूपला यातलं काहीच नडत नाही. पण जिथे लेन कुणी पाळत नाही आणि दुचाक्या दोन लूपच्या मधून निसटतात, तिथे कॅमेरा किंवा रडारच घ्या. रडार तिरका लावला तर वेग कमी दाखवतो, 20 अंशांना सुमारे 6 टक्के. आणि रस्त्याचा वरचा थर खरवडून नवा घालणार असतील, तर लूप त्यानंतरच बसवा, नाहीतर खरवडणारं यंत्र तार उचकटून नेतं.