बेसन 4 इंची पाइपमधून हॉपरपर्यंत न्यायला कोणता ब्लोअर घ्यावा, किती एचपीचा?

एचपीपासून सुरुवात करू नका. आधी पाइपमधला हवेचा वेग ठरवा. बेसनासारखी बारीक पूड हवेत तरंगत न्यायची तर सेकंदाला साधारण 20 मीटर वेग धरावा. तुमच्या 4 इंची पाइपला त्यासाठी तासाला सुमारे 570 घनमीटर हवा लागेल. तेवढ्याच हवेवर पाइप 6 इंची केलात तर वेग 9 मीटरच्या आसपास येईल आणि पूड आडव्या पाइपच्या तळाशी बसून लाइन तुंबेल. ‘मोठा पाइप बरा’ हा सल्ला इथे घातक आहे.

मग दाब. लांबी, उंची, बेंड, फिल्टर आणि तासाला जाणारा माल, या सगळ्यांचा अडथळा जोडा. बेरीज पाण्याच्या स्तंभाच्या हजारेक मिलिमीटरपर्यंत (दाब मोजायचं एकक) असेल तर हाय प्रेशर सेंट्रिफ्युगल फॅन चालतो. त्याहून बरीच जास्त असेल तर रूट्स ब्लोअरच (दोन फिरत्या रोटरनी दर फेरीला ठराविक हवा ढकलणारा) घ्या. अडथळा वाढला की फॅनची हवा घटते, रूट्सची फारशी घटत नाही.

पूड फॅनमधूनच जाणार असेल तर सरळ रेडियल पात्यांचा इम्पेलर (फॅनचं फिरणारं चाक) हवा. पण शक्यतो फॅन बॅग फिल्टरच्या (हवेतली पूड कापडी पिशव्यांनी अडवणाऱ्या गाळणीच्या) पुढे, स्वच्छ हवेच्या बाजूला बसवा. पाती झिजत नाहीत, माल चिकटून बॅलन्सही बिघडत नाही.

आणि बेसनाची हवेतली धूळ ठिणगीने स्फोट घडवू शकते. पाइप, फिल्टर, फॅन सगळ्यांना अर्थिंग कराच. यात पैसे वाचवू नका.